डीएनए वाचवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही? करवीरच्या एका गुळव्याचं प्रकरण

रुग्ण ५६ वर्षांचे, करवीर तालुक्यातले, पेशाने गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळात गूळ तयार करणारे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरचे त्यांना तात्या म्हणतात, इथेही तेच म्हणतो.

तीसेक वर्षं तंबाखू-चुन्याचा बार डाव्या गालात धरायची सवय. कर्करोग झाला तोही डाव्या गालाच्या आतल्या अस्तराचा. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. गाठीबरोबर मानेच्या डाव्या बाजूच्या लसिकाग्रंथी आणि जबड्याखालची डावी लाळग्रंथी काढावी लागली. रिपोर्टमध्ये कडा स्वच्छ होत्या. मानेतली एकच गाठ बाधित निघाली आणि तिचं आवरण फुटलेलं नव्हतं. पण मज्जातंतूंच्या भोवती कर्करोगाच्या पेशी शिरलेल्या दिसल्या. म्हणजे केमोची गरज नाही, शेक, म्हणजे किरणोपचार, मात्र हवाच: ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक), ३० लाईट म्हणजे किरणांच्या ३० बैठका, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन चालू. साखर नाही, दमा नाही.

इथवर सगळं नेहमीचं. तोंडाच्या कर्करोगाचे असे रुग्ण कोल्हापूर, सांगली आणि सीमाभागातून आमच्याकडे सतत येतात. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते घरच्यांनी विचारलेल्या प्रश्नांमुळे. तोंडावर बसवायचा जाळीचा मास्क तयार करायच्या दिवशी तात्यांसोबत काकू, थोरली लेक आणि पुतण्या आले. पुतण्या बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला. त्याने मोबाईल पुढे केला. "सर, किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो. तो तुटू नये म्हणून ॲमिफोस्टिन नावाचं इंजेक्शन आहे, अमेरिकेत मंजूर आहे. तात्यांना देणार ना?"

लेकीच्या पिशवीत कॅप्सूलचा डबा होता. ओळखीच्या कुणीतरी साखळी पद्धतीने विकलेला, वर सोनेरी अक्षरं, आणि घटकांमध्ये व्हिटॅमिन ई ४०० युनिट, बीटा-कॅरोटीन, द्राक्षाच्या बियांचा अर्क. काकूंचा तुळशीचा काढा आधीच सुरू झालेला. शिवाय साडूने फोनवरून सांगितलं होतं की जपानात किरणांवरची गोळी वाटतात, ती मागून घ्या.

तात्यांना यातलं काहीच विचारायचं नव्हतं. "डॉक्टरसाहेब, गिळाय तरास झाला तर चालंल. पर जिभंला चव ऱ्हाईल का न्हाई त्येवढं सांगा. आधण उतरवायचं कसं मग?"

ज्यांनी गुऱ्हाळ जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. काहिलीतला रस आटत आला की आधण कधी उतरवायचं हे गुळव्या ठरवतो. बुडबुड्यांचा आकार, वाफेचा वास, गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची होणारी गोळी, आणि शेवटी जीभ. लवकर उतरवलं तर रवा सैल पडतो, उशीर झाला तर करपट लागतो. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या उसाचा भाव या माणसाच्या अंदाजावर ठरतो. त्यामुळे चवीचा प्रश्न तात्यांसाठी हौसेचा नव्हता, धंद्याचा होता.

लाळेचं गणित

निरोगी माणूस दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतो. जेवताना येणाऱ्या लाळेचा मोठा वाटा कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथींचा. एरवी तोंड ओलं ठेवतात त्या मुख्यतः जबड्याखालच्या ग्रंथी. तात्यांची डावी जबड्याखालची ग्रंथी शस्त्रक्रियेतच गेली होती आणि डावी पॅरोटिड लाईटच्या वाटेत येणार होती. म्हणजे हिशेब उजव्या बाजूवर येऊन थांबला.

लाळ गेली की भाकरी उतरत नाही, रात्री पाण्यासाठी चारदा उठावं लागतं, बोलताना जीभ टाळूला चिकटते. पण मला जास्त काळजी दातांची होती. लाळ दातांवरचं आम्ल धुऊन टाकते. कोरड्या तोंडात दिवसभर गूळ-काकवी चाखत राहणाऱ्या माणसाचे दात हिरडीलगत झपाट्याने किडतात. मग तो दात काढायचा म्हटलं तर शेक घेतलेला जबडा भरून येईलच याची खात्री नसते. कधीकधी हाड मरतं. म्हणून लाईट सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडून दोन खराब दाढा काढून घेतल्या, जखम भरायला वेळ दिला आणि फ्लोराइड सुरू केलं. घरच्यांच्या यादीत दात नव्हतेच.

हे इंजेक्शन आलं कुठून

पुतण्याची माहिती खोटी नव्हती. औषध देऊन किरणांपासून जीव वाचवता येतो हे १९४९ मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत हार्वे पॅट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. प्राणघातक मात्रेच्या क्ष-किरणांआधी सिस्टीन दिलेले उंदीर मोठ्या संख्येने वाचले. सिस्टीन म्हणजे प्रथिनांमधलं गंधकयुक्त अमिनो आम्ल. किरणांनंतर तेच दिलं तर उपयोग झाला नाही. आधी आणि नंतर यांमधला हा फरक या प्रकरणात शेवटपर्यंत सोबत राहणार आहे.

मग शीतयुद्ध. अणुहल्ल्यात सैनिक तगावेत म्हणून अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेने १९५९ पासून गंधकयुक्त रसायनं एकामागून एक बनवून तपासली. चार हजारांहून अधिक. त्यांतलं सगळ्यात आशादायक ठरलं ते डब्ल्यूआर-२७२१, म्हणजेच ॲमिफोस्टिन. सैनिकांच्या मात्र ते कामाचं नव्हतं. शिरेतून द्यावं लागतं, उलट्या होतात, रक्तदाब पडतो, आणि बॉम्ब पडायच्या अर्धा तास आधी कुणी कळवत नाही. लाईटच्या खोलीत मात्र किरण कधी येणार हे मिनिटावर ठाऊक असतं, म्हणून लष्करात नापास झालेलं रसायन कर्करोग विभागात आलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९५ मध्ये ते सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधापासून मूत्रपिंड वाचवण्यासाठी मंजूर केलं, आणि १९९९ मध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतरच्या शेकात तोंड कोरडं पडू नये म्हणून.

त्याचं काम समजून घ्यायचं तर आधी तुटण्याचं बघावं लागतं. क्ष-किरणांमुळे डीएनएचं जे नुकसान होतं त्यातलं साधारण दोन तृतीयांश थेट माराने होत नाही. किरण पेशीतल्या पाण्यावर आदळतात, पाण्याच्या रेणूपासून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे अतिशय क्रियाशील असा अर्धवट रेणू, तयार होतो आणि तो शेजारच्या डीएनएवर तुटून पडतो. त्याचं आयुष्य नॅनोसेकंदांचं, पल्ला काही नॅनोमीटरचा. एका ग्रेमागे प्रत्येक पेशीत डीएनएचा एकेरी धागा सुमारे हजार ठिकाणी तुटतो, आणि दोन्ही धागे एकाच जागी तुटतात असं सुमारे चाळीस ठिकाणी होतं. एकेरी तूट पेशी सहज सांधते. दुहेरी तूट सांधता आली नाही तर पेशी मरते.

ॲमिफोस्टिन स्वतः निष्क्रिय असतं. केशवाहिन्यांच्या भिंतीवरचं अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर त्याचा फॉस्फेट गट काढतं आणि मोकळा थायोल, म्हणजे गंधक-हायड्रोजनचा गट असलेला सक्रिय रेणू, उरतो. त्या थायोलवर धन भार, डीएनएवर ऋण; त्यामुळे तो डीएनएच्या आसपासच राहतो. मूलक आला की त्याला शमवतो. डीएनएवरून हायड्रोजनचा अणू निघून गेलाच असेल तर ऑक्सिजन तिथे बसून ती जखम पक्की करायच्या आत हा आपला हायड्रोजन देऊन टाकतो. ही शर्यत सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात संपते. म्हणून औषध आधीपासून तिथे हजर हवं.

हे तात्यांना सांगताना भेंडीच्या पाण्याचा आधार घेतला. रस तापत असताना भेंडीचं पाणी घातलं तर मळी वर येते. पाक आटल्यावर घालून काय उपयोग? तात्या पटकन म्हणाले, "मग रंग जातोय, दुसरं काय."

पुतण्याचा खरा अवघड प्रश्न पुढचा होता. लाईट देतो तीच कर्करोगाच्या पेशीचा डीएनए तोडण्यासाठी. मग डीएनए वाचवणारं औषध कर्करोगालाही वाचवणार नाही का? पुस्तकी उत्तर असं की गाठीच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, तिथे अल्कलाइन फॉस्फटेज कमी, आणि आम्लता जास्त असल्याने ते विकर नीट चालत नाही. म्हणून सक्रिय औषध गाठीत कमी, निरोगी ऊतींत जास्त. लाळग्रंथींत तर ते भरपूर साठतं. २०११ मध्ये १२ चाचण्यांतल्या १,११९ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा ॲमिफोस्टिनमुळे आयुष्य घटल्याचं दिसलं नाही.

तरीही अमेरिकेतल्या मंजुरीची चौकट आखडती आहे. गाठ जागेवर असताना मूळ उपचार म्हणून शेक देत असाल तर चाचणीबाहेर हे औषध वापरू नये, असं तिथल्या माहितीपत्रकात म्हटलं आहे. तात्या शस्त्रक्रियेनंतरचे, म्हणजे कागदावर चौकटीत बसणारे. माझं मन मात्र इथे थोडं अडखळतं. शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेल्या मूठभर पेशी म्हणजे आम्लयुक्त, कमी रक्तपुरवठ्याची मोठी गाठ नव्हे. त्या निरोगी ऊतीत, निरोगी रक्तपुरवठ्यावर बसलेल्या असतात. गाठीला औषध पोहोचत नाही हा युक्तिवाद त्यांना कितपत लागू पडतो, ही शंका मी बाळगून असतो. आकडे तिला दुजोरा देत नाहीत, हेही सांगायला हवं.

किती फरक पडतो

मंजुरी ज्या चाचणीवर मिळाली ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे ३०० रुग्ण, निम्म्यांना प्रत्येक लाईटआधी १५ ते ३० मिनिटं ॲमिफोस्टिन, शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम. उपचारकाळात मध्यम किंवा तीव्र कोरडेपणा ७८ टक्क्यांवरून ५१ वर आला, वर्षभरानंतरचा ५७ वरून ३४ वर. तोंडातले व्रण कमी झाले नाहीत. ही चाचणी उघडी होती; कुणाला औषध मिळतंय हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत होतं. २००६ मध्ये केमो आणि शेक एकत्र घेणाऱ्यांवर खोट्या औषधाशी तुलना करणारी चाचणी आली, तिच्यात फायदा सिद्ध झाला नाही.

पुतण्याने पहिल्या चाचणीचे आकडे वाचले होते. २०११ चे दुसरे आकडे त्याला ठाऊक नव्हते, कारण त्यांत औषधच नव्हतं. ब्रिटनमधल्या पारस्पोर्ट चाचणीत ९४ रुग्ण होते. निम्म्यांना जुन्या पद्धतीचा शेक, निम्म्यांना पॅरोटिड टाळून किरणांची तीव्रता बदलत दिलेला, ज्याला आयएमआरटी म्हणतात. वर्षभरानंतरचा मध्यम वा तीव्र कोरडेपणा जुन्या पद्धतीत ७४ टक्के, नव्या पद्धतीत ३८. या दोन चाचण्यांची सरळ तुलना करता येत नाही. रुग्ण वेगळे, मोजमाप वेगळं. पण ॲमिफोस्टिनची ख्याती झाली ती लाळग्रंथींवरून किरण सर्रास जात असतानाच्या काळात, हे लक्षात घेतलं पाहिजे. ग्रंथीवर किरणच पडले नाहीत तर औषधाने वाचवायचं काय?

पॅरोटिडबाबत आज वापरात असलेला अंदाज असा: एका बाजूच्या ग्रंथीवरचा सरासरी डोस २० ग्रेच्या आत ठेवता आला, किंवा दोन्हींवरचा २५ च्या आत, तर लाळ कायमची आटण्याचा तीव्र प्रकार बहुधा टळतो.

तात्यांची गाठ मध्यरेषेपासून दूर, पूर्णपणे डाव्या गालात. बाधित लसिकाग्रंथीही डावीकडचीच. अशा रुग्णाला फक्त डाव्या बाजूचा शेक पुरतो. आमच्या भौतिकशास्त्रज्ञ मॅडमनी आराखडा तीनदा बदलला. डोळा नाही, पाठीचा कणा नाही, त्यांचा हट्ट उजव्या लाळग्रंथींवर होता. शेवटच्या आराखड्यात उजव्या पॅरोटिडचा सरासरी डोस २० ग्रेच्या बराच खाली आला आणि उजवी जबड्याखालची ग्रंथीही मोठ्या प्रमाणात बाहेर राहिली. जिभेचा उजवा भागही. डावी पॅरोटिड वाचवण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही. ती वाचवायची तर मज्जातंतूच्या वाटेवरचा डोस कमी करावा लागला असता, आणि रोग तिकडूनच परतण्याची भीती होती.

रक्तदाब आणि घड्याळ

विभागात एकमत नव्हतं. माझ्या तरुण सहकाऱ्याचं म्हणणं, औषध उपलब्ध आहे, रुग्ण चौकटीत बसतो, डावी पॅरोटिड जळणारच आहे, मग तेवढी तरी वाचवू या. मुद्दा चुकीचा नव्हता. त्यावर आम्ही कागद-पेन घेऊन बसलो.

ॲमिफोस्टिनने रक्तदाब पडतो. सिस्प्लॅटिनसोबत मोठी मात्रा दिली तेव्हा ६२ टक्के रुग्णांचा पडला होता. शेकाच्या छोट्या मात्रेत १५ टक्क्यांचा. रक्तदाबाच्या गोळ्या २४ तास आधी थांबवता येत नसतील तर हे औषध देऊ नये, अशी स्पष्ट सूचना आहे. एखाद्या दिवसासाठी हे जमतं. पण इथे लाईट सोमवार ते शुक्रवार. म्हणजे रविवार सकाळपासून शुक्रवारची लाईट होईपर्यंत गोळी बंद, मग दीड दिवस चालू, पुन्हा बंद. असं सहा आठवडे. त्यात ॲम्लोडिपिनचं अर्धायुष्य ३० ते ५० तासांचं. २४ तास थांबवून ते रक्तातून जातच नाही. गोळी बंद केल्याचा तोटा होणार आणि इंजेक्शनचा धोकाही राहणार. गावाहून मोटारसायकलवर मुलाच्या मागे बसून येणारा माणूस परतीच्या वाटेवर चक्कर येऊन पडला तर?

दुसरी अडचण घड्याळाची. हे औषध रक्तात दहा मिनिटंही निम्म्यावर टिकत नाही. इंजेक्शन दिलं आणि मशीनने ऐन वेळी मान टाकली, किंवा आधीच्या पेशंटचा मास्क नीट बसेना म्हणून वीस मिनिटं गेली, की औषध वाया. लायनॅक, म्हणजे किरण देणारं यंत्र, चालवणाऱ्या कुणालाही विचारा, आठवड्यात असा दिवस येतोच. शिवाय रोज शिरेत सुई, रोज मळमळीचं औषध, आडवं झोपवून रक्तदाब मोजणं. पाचव्या आठवड्यात तोंड सोललेलं असताना वर उलटी.

अंगावर पुरळ हा आणखी एक धोका. क्वचित का होईना, पण स्टीव्हन्स-जॉन्सनसारखी जिवावर बेतणारी त्वचेची प्रतिक्रिया या औषधाने झालेली आहे.

हे सगळं एका डाव्या पॅरोटिडसाठी, जिच्यावर डोस इतका जास्त की औषध देऊनही ती किती उरली असती याचा भरवसा नाही. सहकाऱ्याने मान्य केलं. ॲमिफोस्टिन द्यायचं नाही असं ठरलं.

चवीबद्दल तात्यांना खरं ते सांगितलं. लाईट सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच चव जाऊ लागते, बहुतेकांची काही महिन्यांत ते वर्षभरात बरीचशी परत येते, आणि ज्या इंजेक्शनबद्दल पुतण्या बोलतोय त्याची मंजुरी लाळेसाठी आहे, चवीसाठी नाही. उजवी जीभ बाहेर ठेवली आहे, आशा तिच्यावर.

डबा, काढा आणि जपानची गोळी

कॅप्सूलच्या डब्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. लेकीला ते निरुपद्रवी वाटत होतं: व्हिटॅमिनच तर आहेत. पण ॲमिफोस्टिन काही मिनिटं राहतं आणि गाठीत कमी शिरतं. व्हिटॅमिन ई चरबीत विरघळून दिवसच्या दिवस सगळीकडे राहतं, कर्करोगाच्या पेशीतही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर नेमका हाच प्रयोग झाला. शेकाच्या काळात आणि नंतर ४०० युनिट व्हिटॅमिन ई. सुरुवातीच्या काहींना बीटा-कॅरोटीनही. २००५ मध्ये निकाल आले. दोन्ही घेणाऱ्यांना शेकाचा त्रास कमी झाला, पण गाठ परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. गोळ्या चालू असेपर्यंत व्हिटॅमिन ई गटात नवे कर्करोगही जास्त आढळले. त्रास कमी झाला आणि रोग जास्त परतला, ही दोन्ही एकाच गोष्टीची फळं असावीत असं मला वाटतं. लेक गप्प झाली. डब्यावरची मात्रा आणि चाचणीतली मात्रा, दोन्ही ४०० होती. डबा तिने पिशवीत परत ठेवला, आणि विकणाऱ्या बाईंना काय सांगायचं हा तिचा पुढचा प्रश्न होता. त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

तुळशीच्या काढ्याला मी विरोध केला नाही. मणिपालमध्ये १९९० च्या दशकात तुळशीच्या पानांतल्या ओरिएंटिन आणि व्हायसेनिन या द्रव्यांनी उंदरांना किरणांपासून संरक्षण मिळाल्याचं दिसलं होतं. दिल्लीच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेनेही हिमालयातल्या वनस्पतींवर बरंच काम केलं आहे. पण उंदराला टोचलेला शुद्ध अर्क आणि काकूंच्या पातेल्यातली दहा पानं यांत फार अंतर आहे. घोटभर घ्या, कोमट घ्या, आलं-मिरी घालू नका, तोंड जळेल. काकूंना पटलं. गव्हांकुराचा रस मात्र नको म्हटलं, कच्चा असतो आणि तोंडात व्रण असताना जंतुसंसर्गाची भीती.

जपानच्या गोळीचं काम सोपं. ती पोटॅशियम आयोडाइडची. १९८६ मध्ये चेर्नोबिलनंतर पोलंडने याच रसायनाचे सुमारे १ कोटी ८० लाख डोस वाटले. ही गोळी डीएनए वाचवत नाही. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरून टाकते, म्हणजे हवेतून किंवा दुधातून आलेलं किरणोत्सारी आयोडीन तिथे शिरत नाही. लायनॅकमधून आयोडीन येत नाही. साडूंना तसंच कळवायला सांगितलं.

पुढे काय झालं

पहिले दोन आठवडे ठीक. तिसऱ्या आठवड्यात डावा गाल लाल, चव पळाली. चौथ्यात व्रण आले. मीठ-सोड्याच्या पाण्याने दर दोन तासांनी गुळण्या, बेन्झिडामिन, वेदनाशामक, आणि खाण्यात खिमट, ताकातल्या कण्या, दूध, अंड्याचा बलक. तांबडा रस्सा बंद म्हटल्यावर तात्यांचा चेहरा पडला. पांढरा मिरीशिवाय करून चालेल का, असंही विचारून झालं. वजन चार किलो उतरलं. मात्र एकही लाईट चुकली नाही, आणि आमच्या मते रोगाच्या दृष्टीने हे इतर कशाहूनही महत्त्वाचं होतं. मधले दिवस पडले की कर्करोगाच्या पेशींना सावरायला वेळ मिळतो. तंबाखू सुटली. कशी सुटली याचं श्रेय काकूंना, आमच्या समुपदेशनाला नव्हे. रक्तदाबाच्या गोळ्या रोज चालू राहिल्या, वजन उतरल्यावर एक कमी करावी लागली.

सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा डावा गाल कोरडा, उजव्या बाजूला दाबल्यावर पॅरोटिडची लाळ दिसत होती. भाकरी कालवणात कुस्करून खातात, रात्री एकदा पाण्याला उठतात. खारट आणि आंबट कळतं. गोडाचा अंदाज अजून पुरता नाही. हंगामाला ते काहिलीवर उभे राहिले, बुडबुडे आणि पाण्यातली गोळी बघून आधण उतरवत होते, चाखायला मुलाला लावत होते. चाखल्यावर चूळ भरायची सक्ती दोघांनाही. दातांच्या डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी खेप. नवी कीड नव्हती.

त्या भेटीला पुतण्याही होता. त्याने विचारलं, "सर, मग हे औषध तुम्ही कुणालाच देणार नाही?" तसं नाही. शस्त्रक्रिया झालेला, मध्यरेषेवरच्या गाठीमुळे मानेच्या दोन्ही बाजूंना शेक लागणारा, कितीही खटाटोप करून एकही पॅरोटिड २५ ग्रेच्या आत येत नसलेला, केमो नसलेला, रक्तदाबाची गोळी नसलेला रुग्ण समोर आला तर मी ॲमिफोस्टिनचा विषय स्वतःहून काढेन. आधी सलाईन, मळमळीचं औषध, रुग्ण आडवा, तीन मिनिटांत इंजेक्शन, आधी आणि लगेच नंतर रक्तदाब, आणि मशीन मोकळं असल्याचा फोन आल्याशिवाय सुई लावायची नाही. अंगावर पुरळ दिसलं की त्याच दिवशी बंद.